अमेरिकन सुवर्णनाण्याचीं तीन मोलें

सोन्याच्या नाण्याची किंमत काढणें म्हणजे अगदीं सोपें काम, असा आपल्यांतील बहुतेकांचा समज असतो. नाण्याचें वजन किती, सोनें कोणत्या कसाचें आणि आजचा भाव काय, हे तीन आंकडे हातीं आले कीं गुणाकार करावयाचा आणि मोकळें व्हावयाचें! परवांपरवांपर्यंत माझाहि समज असाच होता.

गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मातोश्री मजकडे आल्या. त्यांच्या यजमानांनीं अमेरिकेंत पुष्कळ वर्षें नोकरी केली आणि उतारवयांत ते पुण्यास येऊन राहिले. त्यांच्या निधनानंतर कपाटांतील एका मखमली डबींत सोन्याचें एक मोठें नाणें निघालें. इकडे नातीचें लग्न ठरलेलें. सराफानें नाणें पाहून सांगितलें कीं, सोनें बावीस कॅरटाहून किंचित् हलकें आहे, परंतु आटवून बांगड्या उत्तम होतील. परदेशीं असलेल्या मुलानें बजावलें कीं, जुन्या अमेरिकन नाण्यांना कोट्यवधि रुपये येतात, त्याला हात लावूं नये. "सर, तुम्ही इतिहास शिकवितां. आटवावें कीं ठेवावें, हें तुम्हीच सांगा," असें म्हणून बाईंनीं डबी माझ्यापुढें ठेविली.

नाणें सुंदर होतें. एका बाजूस हातांत मशाल व ऑलिव्हची फांदी घेऊन पुढें येणारी स्वातंत्र्यदेवता आणि तिच्या पायाशीं १९२४ हें साल. दुसऱ्या बाजूस उगवत्या सूर्यावरून उडत जाणारा गरुड आणि त्याच्या वर 'वीस डॉलर' हीं अक्षरें. तीस वर्षें इतिहास शिकवूनहि त्या साध्या प्रश्नाचें उत्तर मला देतां येईना. मीं महिन्याभराची मुदत मागून घेतली, आणि त्या महिन्यांत जें वाचलें त्याचें सार वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम ध्यानांत आलें तें हें कीं, जुन्या नाण्याला एक नव्हे, तीन मोलें असतात. पहिलें, राज्यानें त्यावर छापलेलें दर्शनी मोल. दुसरें, त्यांतील धातूचें मोल. आणि तिसरें, संग्राहक त्यासाठीं जें द्यावयास तयार होतो तें दुर्मिळतेचें मोल. पहिल्या दोहोंची ओळख आपल्या पेढ्यांना फार जुनी आहे. छाप आणि धातु यांत जें अंतर पडे, त्याचा हिशेब आपले सराफ 'बट्टा' या एका शब्दांत करीत. व्हेनिसचें डुकाट आपल्या घरांत शिरून 'पुतळी' झालें, तेव्हां त्याचें दर्शनी मोल समुद्रापलीकडेच राहिलें; सोनें आणि घाट एवढेंच काय तें आपल्या स्त्रियांच्या गळ्यांत आलें. पण तिसरें मोल येतें कोठून? नाण्याच्या वयामुळें येतें, असें पुष्कळांस वाटतें. अमेरिकन नाण्यांचा इतिहास निराळें सांगतो. पहिल्या दोन मोलांचें जेव्हां जेव्हां वितुष्ट आलें, तेव्हां तेव्हां नाणीं मुशींत गेलीं. आणि मुशींतून जीं थोडीं निसटलीं त्यांच्या पदरीं हें तिसरें मोल पडलें. दुर्मिळता ही वयाची नव्हे, आटणीची संतति आहे.

अमेरिकेच्या टांकसाळीचा मूळ कायदा २ एप्रिल १७९२ रोजीं झाला. त्याच्या मागें अलेक्झांडर हॅमिल्टन या अर्थमंत्र्याचा १७९१ चा अहवाल होता. दहा डॉलरच्या सुवर्णनाण्यास 'ईगल' म्हणजे गरुड हें नांव मिळालें. त्याच्या निम्में पांच डॉलरचें, आणि पाव हिश्शाचें अडीच डॉलरचें. ईगलचें वजन २७० ग्रेन आणि त्यांत शुद्ध सोनें २४७.५ ग्रेन, म्हणजे नेमकें बावीस कॅरट. (आपला तोळा १८० ग्रेनांचा, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील आंकडे वाचकांस आपल्या मापांत उतरवितां येतील.) याच कायद्यांत असेंहि एक कलम होतें कीं, टांकसाळीच्या ज्या अधिकाऱ्यानें लबाडीनें नाण्याचा कस वा वजन कमी केलें, त्यास देहान्त शासन व्हावें. नुकत्याच झालेल्या युद्धांत कागदी चलनाची माती होतांना त्या लोकांनीं पाहिली होती. नाण्याच्या कसाबद्दल त्यांना इतकें कडक व्हावेंसें वाटलें यांत नवल नाहीं. हें कलम वाचकांनीं मनांत जपून ठेवावें, कारण पुढें त्याची आठवण होणार आहे.

कायदा कडक होता, पण त्यांतील एक आंकडा चुकला. एका भार सोन्याची किंमत पंधरा भार चांदीएवढी, असें प्रमाण त्यानें ठरविलें होतें. युरोपांत सोनें हळूहळू महाग होत गेलें. फ्रान्सनें तर १८०३ सालीं साडेपंधराचें प्रमाण कायद्यानेंच बांधून टाकलें. मग व्यापाऱ्यानें काय करावें? अमेरिकेंत पंधरा औंस चांदी देऊन एक औंस सोन्याचीं नाणीं घ्यावीं, जहाजावर घालावीं, आणि पलीकडे त्यांची साडेपंधरा औंस चांदी करावी! हलकें चलन भारी चलनाला बाजारांतून हांकलून देतें, हा ग्रेशमचा नियम आम्ही विद्यार्थ्यांस पाठ करावयास लावतों. येथें तो एका सबंध राष्ट्राच्या खर्चानें सिद्ध झाला. ईगल पाडणें १८०४ नंतर बंद झालें, तें १८३८ पर्यंत बंदच राहिलें. पांच डॉलरचीं नाणीं पडत राहिलीं, पण टांकसाळीतून निघून तीं थेट परदेशच्या मुशींत जात. १८२२ सालीं टांकसाळीच्या नोंदीप्रमाणें अशीं १७,७९६ नाणीं पडलीं. त्या सालचीं आज ठाऊक असलेलीं नाणीं किती? तीन! त्यांतील दोन वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संग्रहालयांत आहेत. तिसरें मार्च २०२१ मध्यें ८४ लाख डॉलरांस विकलें गेलें. त्यांतील सोनें आपल्या पाऊण तोळ्याहूनहि कमी भरतें.

ही चूक काँग्रेसनें १८३४ सालीं दुरुस्त केली; पण दुरुस्ती अशी कीं तिनेंच नवी आटणी सुरू व्हावी. ईगलमधील शुद्ध सोनें २४७.५ वरून २३२ ग्रेनांवर आणलें. साहजिकच पांच डॉलरच्या जुन्या नाण्यांत नव्या हिशेबानें सुमारें पांच डॉलर तेहतीस सेंटांचें सोनें निघूं लागलें. छाप पांचाची आणि धातु सव्वापांचाच्या वर, असें नाणें पेटींत कोण ठेवील? देशांत उरलींसुरलीं जुनीं नाणीं आतां घरच्याच मुशींत गेलीं. नवें नाणें चटकन् ओळखतां यावें म्हणून त्यावरील लॅटिन ब्रीद काढून टाकलें होतें. तें नसलेलें नाणें हलकें, असलेलें भारी, हें शेंबडें पोरहि सांगूं शके. १८३७ सालीं आणखी एक फरक झाला. हिशेबाच्या सोयीसाठीं नाण्याचा कस हजारांत नऊशें ठरला आणि ईगलचें शुद्ध सोनें २३२.२ ग्रेन झालें. हजारीं नऊशें म्हणजे २१.६ कॅरट. पुण्याच्या सराफानें कसोटीच्या एका रेघेवरून जें 'किंचित् हलकें' म्हटलें, तें या १८३७ च्या कायद्याशीं तंतोतंत जुळतें! उरलेला दशांश मुख्यतः तांबें. नुसतें शुद्ध सोनें मऊ पडतें आणि हातोहातीं झिजतें, म्हणून ही मिसळ. अमेरिकन सोन्यावर जी तांबूस झांक दिसते ती तिचीच.

सोनें येत होतें कोठून? आरंभीं दक्षिणेंतून. नॉर्थ कॅरोलायनांत १७९९ पासून आणि जॉर्जियांत १८२९ च्या सुमारास सोनें सांपडलें. तेथें शार्लट व डॅलोनेगा या गांवीं १८३८ सालीं छोट्या टांकसाळी निघाल्या. जॉर्जियांतील तें सोनें चेरोकी लोकांच्या भूमींत होतें, आणि टांकसाळ निघाली त्याच सालीं त्यांना तेथून हांकलून देण्यांत आलें, हेंहि विसरतां कामा नये. नाण्यावर टांकसाळीचें एक बारीक अक्षर असतें. शार्लटचें 'सी', डॅलोनेगाचें 'डी'. राईएवढ्या या अक्षरानें आज नाण्याची किंमत अनेक पटींनीं बदलते, कारण या टांकसाळींनीं थोडींच नाणीं पाडलीं आणि १८६१ सालीं यादवी युद्धाबरोबर त्या कायमच्या बंद पडल्या.

२४ जानेवारी १८४८ रोजीं कॅलिफोर्नियांत सटर नांवाच्या गृहस्थाच्या लांकडाच्या गिरणीपाशीं जेम्स मार्शल या सुताराला पाण्यांत सोन्याचे कण दिसले, आणि सगळा हिशेब पालटला. सोन्याचा पूर आला. पुढच्याच वर्षीं काँग्रेसनें दोन नवीं नाणीं मंजूर केलीं: एक डॉलरचें चिमुकलें आणि वीस डॉलरचें भलेंमोठें, म्हणजे दुहेरी गरुड. या मोठ्या नाण्याचें वजन ५१६ ग्रेन, त्यांत शुद्ध सोनें ४६४.४ ग्रेन. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर दोन तोळे सात मासे. ट्रॉय औंसांत ०.९६७५. बाईंनीं माझ्यापुढें ठेविलेलें नाणें याच जातीचें. सामान्य मनुष्याच्या खिशांत तें क्वचितच पडे. बँकाबँकांतील आणि देशादेशांतील देणीं भागविण्यासाठीं पिशव्या भरभरून तें फिरे.

त्या फिरण्यांतील एक प्रसंग आपल्या प्रश्नाशीं फार जवळचा आहे. सप्टेंबर १८५७ मध्यें 'सेंट्रल अमेरिका' नांवाची आगबोट कॅलिफोर्नियाचें सोनें घेऊन न्यूयॉर्ककडे निघाली असतां कॅरोलायनाच्या किनाऱ्यापासून दूर, तुफानांत सांपडली आणि १२ तारखेस बुडाली. सुमारें सव्वाचारशें माणसें गेलीं. न्यूयॉर्कच्या बँका आधींच डळमळत होत्या. या सोन्याची वाट पाहणाऱ्या पेढ्यांस तो आणखी एक धक्का बसला. पुढें एकशें एकतीस वर्षें तें सोनें दीड मैल खोल पाण्याखालीं पडून होतें. १८५७ सालचें सान फ्रान्सिस्कोचें कोरें करकरीत दुहेरी गरुड मिळणें तोंवर संग्राहकांस दुरापास्त वाटे. १९८८ सालीं बोटीचा ठाव लागला आणि त्या एकाच सालचीं, त्याच टांकसाळीचीं पांच हजारांहून अधिक नाणीं वर आलीं; पुष्कळ तर आजच पाडल्यासारखीं! ज्यांनीं पूर्वीं दुर्मिळ म्हणून भारी किंमत दिली होती त्यांच्या मनाची काय स्थिति झाली असेल, याची कल्पना करावी. धातूचें मोल बाजार ठरवितो, दर्शनी मोल कायदा ठरवितो. तिसरें मोल मात्र समुद्राच्या तळाशीं किंवा कोणाच्या तरी तळघरांत आणखी काय पडलें आहे यावर अवलंबून असतें.

बाईंच्या नाण्यावरील चित्राची हकीकतहि थोडक्यांत सांगितली पाहिजे. आपल्या देशाचीं नाणीं कुरूप आहेत, असें थिओडोर रूझवेल्ट या अध्यक्षास मनापासून वाटे. प्राचीन ग्रीक नाण्यांसारखा उठाव आपल्या नाण्यांस यावा म्हणून त्यानें ऑगस्टस सेंट-गॉडन्स या मूर्तिकाराला पाचारण केलें. सेंट-गॉडन्स त्या वेळीं दुखण्यानें खंगत चालला होता. नाणें लोकांच्या हातीं पडण्यापूर्वींच ऑगस्ट १९०७ मध्यें तो वारला. त्याच्या मूळ कल्पनेप्रमाणें पाडलेल्या नाण्यांस इतका उठाव होता कीं एकेका नाण्यावर यंत्राचे अनेक ठोके द्यावे लागत. अशीं सुमारें बारा हजार नाणीं पडल्यावर टांकसाळीच्या अधिकाऱ्यांनीं उठाव बसका करून घेतला. तीं पहिलीं बारा हजार आज संग्राहकांचीं लाडकीं आहेत. मागाहूनचीं लाखोंनीं पडलीं.

आतां आपण १९३३ सालापाशीं येतों. मंदीचें चौथें वर्ष. बँका धडाधड बुडत होत्या, शेतमालास भाव नव्हता, आणि घाबरलेले लोक ठेवी काढून सोनें घरांत दडवीत होते. ४ मार्च रोजीं फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्षपदीं आला, ५ एप्रिल रोजीं त्यानें हुकूम काढला कीं, नागरिकांनीं आपल्याजवळील सोन्याचीं नाणीं, लगडी व सुवर्णपत्रें १ मेपर्यंत बँकेंत आणून द्यावीं, औंसास २०.६७ डॉलर या दरानें मोबदला मिळेल. हुकूम मोडणाऱ्यास दहा हजार डॉलर दंड किंवा दहा वर्षें कैद, किंवा दोन्हीहि. माणशीं शंभर डॉलरांपर्यंतचीं नाणीं बाळगण्यास मुभा होती, आणि दुर्मिळ नाणीं म्हणून संग्राहकांत ज्यांना विशेष मोल आहे तींहि या हुकुमांतून वगळलीं होतीं. त्या वेळचा अर्थमंत्री विल्यम वुडिन हा स्वतः नाण्यांचा व्यासंगी संग्राहक होता, ही गोष्ट येथें नमूद करण्यासारखी आहे. तिसऱ्या मोलाला राज्यानें कायद्यांत दिलेली ही मान्यता होय!

लोकांनीं नाणीं आणून दिलीं. पुढें ३१ जानेवारी १९३४ रोजीं सरकारनें सोन्याचा दर औंसास ३५ डॉलर ठरविला. म्हणजे एप्रिलमध्यें ज्यानें निमूटपणें वीस डॉलरचें नाणें दिलें, त्याच्या हातीं वीस डॉलरची नोट राहिली, आणि नाण्यांतील सोनें नऊ महिन्यांत जवळजवळ चौतीस डॉलरांचें होऊन सरकारच्या तिजोरींत पडलें. या एका फेरफारांत सरकारला सुमारें २८० कोटि डॉलरांचा नफा झाला. कर्जरोख्यांवर 'सोन्यांत फेड करूं' असें छापलेलें वचन काँग्रेसनें १९३३ च्या जूनमध्येंच रद्द केलें होतें. तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि फेब्रुवारी १९३५ मध्यें पांच विरुद्ध चार मतांनीं सरकार तरलें. सरकारच्या स्वतःच्या रोख्यांबाबत न्यायालयानें असें म्हटलें कीं, वचन मोडण्याचा अधिकार काँग्रेसला नव्हता, पण त्यामुळें फिर्यादीचें नुकसान झालेलें सिद्ध होत नाहीं. या निकालावर आजहि वाद चालतो.

हें सर्व न्याय्य होतें काय? माझ्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकाला या प्रश्नाचें सरळ उत्तर देणें जड जातें. एका पारड्यांत ते शेतकरी आहेत, ज्यांचें कर्ज तेवढेंच राहून धान्याचा भाव निम्म्याखालीं उतरला होता. सोन्याशीं जखडलेला डॉलर त्यांचा गळा आवळीत होता, आणि तो सैल केल्यावाचून त्यांची सुटका नव्हती. जीं राष्ट्रें सोन्याच्या बंधनांतून लवकर सुटलीं तीं मंदींतूनहि लवकर सावरलीं, असें पुष्कळ अर्थशास्त्रज्ञ आज मानतात. दुसऱ्या पारड्यांत तो साधा माणूस आहे, ज्यानें कायदा पाळला आणि म्हणूनच तो फसला. ज्यानें पाळला नाहीं त्याचें सोनें वाढलें. १७९२ सालीं नाण्यांतून चोरून सोनें काढणाऱ्या अधिकाऱ्यास फांशीची शिक्षा सांगणाऱ्या राज्यानें १९३४ सालीं डॉलरमधील सोनें कायद्याच्या एका ओळीनें शेंकडा ४१ नीं कमी केलें. गरज होती हें मी मान्य करतों. पण गरजेपोटीं मोडलेलें वचन हेंहि मोडलेलेंच वचन असतें, आणि त्याची नोंद इतिहासानें ठेविली पाहिजे. आपल्याकडे १९६३ सालीं सुवर्णनियंत्रण आलें तेव्हां चौदा कॅरटांच्या हुकुमानें किती सोनारांच्या चुली विझल्या, हें ज्यांनीं पाहिलें वा ऐकलें आहे, त्यांस हा प्रश्न परका वाटणार नाहीं. तो कायदा १९९० सालीं रद्द झाला. अमेरिकन नागरिकास सोनें बाळगण्याची मोकळीक १९७४ च्या अखेरीस मिळाली.

जमा झालेल्या नाण्यांच्या लगडी ओतल्या गेल्या. केंटकी प्रांतांतील फोर्ट नॉक्सच्या तळघरांत १९३७ पासून ज्या सोन्याच्या विटा रचून ठेविल्या आहेत, त्यांतील पुष्कळशा हजारीं नऊशें कसाच्या आहेत; कारण त्या वितळलेल्या गरुडांच्या आहेत. अमेरिकेच्या इतिहासांतील ही सर्वांत मोठी आटणी. आणि तिच्यांतूनच त्या नाण्यांचें तिसरें मोल जन्मास आलें. डेन्व्हर येथें १९२७ सालीं दुहेरी गरुडाचीं १,८०,००० नाणीं पडलीं होतीं. आज त्यांतील डझन-दीड डझनच ठाऊक आहेत. १९३३ सालचें दुहेरी गरुड तर ४,४५,५०० पडलें, पण व्यवहारांत आलेंच नाहीं. दोन नाणीं संग्रहालयासाठीं ठेवून बाकीचीं आटविण्यांत आलीं. तरी कांहीं थोडीं टांकसाळीतून कशीं कोण जाणे बाहेर पडलींच. एक इजिप्तचा राजा फारूख याच्या संग्रहांत गेलें, आणि अमेरिकन अधिकाऱ्यांनींच १९४४ सालीं नजरचुकीनें त्याला परवाना दिला! फारूख १९५२ सालीं पदच्युत झाला, नाणें अदृश्य झालें, आणि १९९६ सालीं न्यूयॉर्कच्या एका हॉटेलांत पोलिसांच्या हातीं असें एक नाणें लागलें. तें फारूखचेंच असावें असें मानलें जातें. तडजोड होऊन ३० जुलै २००२ रोजीं त्याचा लिलाव झाला. किंमत आली ७५,९०,०२० डॉलर. शेवटच्या वीस डॉलरांकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. तें नाणें टांकसाळीतून रीतसर कधींच बाहेर पडलें नव्हतें, म्हणून त्यास कायदेशीर नाणें करण्यासाठीं घेणाऱ्यानें सरकारला त्याची दर्शनी किंमत भरली! दर्शनी मोल वीस, त्या दिवसाच्या भावानें सोनें सुमारें तीनशें, आणि दुर्मिळतेचें मोल पंचाहत्तर लाखांवर: तिन्ही मोलें एकाच पावतीवर उतरलीं. जून २०२१ मध्यें तेंच नाणें पुन्हां विकलें गेलें तें १,८८,७२,२५० डॉलरांस. अशींच दुसरीं दहा नाणीं फिलाडेल्फियाच्या एका जवाहिऱ्याच्या वारसांनीं पुढें आणलीं. पण तीं चोरीचीं ठरून न्यायालयांनीं तीं सरकारच्या ताब्यांत ठेविलीं.

मग परदेशस्थ मुलाचें म्हणणें खरें म्हणावयाचें काय? तसें नाहीं. आटणीच्या वेळीं लक्षावधि दुहेरी गरुड अमेरिकेबाहेर होते. देणीं फेडतांना युरोपच्या बँकांत गेलेल्या पिशव्या तेथेंच पडून राहिल्या. रूझवेल्टचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोंचत नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या हळूहळू उघडल्या, नाणीं मायदेशीं परतूं लागलीं, आणि दुर्मिळ मानलेलीं कांहीं सालें पाहतां पाहतां सामान्य झालीं. देशाबाहेर गेलेलें सोनें वांचलें आणि घरचें आटलें, असा हा उफराटा न्याय आहे.

याखेरीज नाणें कोणत्या स्थितींत आहे यावर त्याचें बरेंचसें मोल अवलंबून असतें. विल्यम शेल्डन या संग्राहकानें १९४९ सालीं तांब्याच्या जुन्या सेंटांसाठीं १ ते ७० अशी गुणांची पद्धत सुचविली. तीच आज सोन्याच्या नाण्यांसहि लावतात. एका गुणाच्या फरकानें किंमत दुप्पट-चौपट झाल्याचीं उदाहरणें आहेत. आपल्या घरांत सोन्याचा जिन्नस सांपडला कीं प्रथम त्यास रिठ्याच्या पाण्यांत घालून घांसण्याची रीत आहे. नाण्याच्या बाबतींत ती घातक होय. घांसलेलें, कसोटीस लावलेलें किंवा गळ्यांत घालण्यासाठीं कडी डाखलेलें नाणें सराफाच्या लेखीं पूर्वींइतकेंच राहतें, पण संग्राहकाच्या लेखीं तें पुष्कळ अंशीं संपतें. शिवाय बनावट नाण्यांचें भय आहेच. गेल्या शतकाच्या मध्यास बैरूटकडे अशीं बनावट अमेरिकन नाणीं पडत कीं त्यांत सोनें मात्र पुरेपूर भरलेलें असे! धातु खरा, छाप खोटी. फसवणूक सोन्याची नव्हे, इतिहासाची.

महिना संपल्यावर मी बाईंकडे गेलों. भिंगानें नाण्यावरील सालाच्या वरची जागा पाहिली. टांकसाळीचें अक्षर नव्हतें. म्हणजे नाणें फिलाडेल्फियाचें. त्या सालीं तेथें ४३,२३,५०० दुहेरी गरुड पडले, आणि त्यांतील पुष्कळ युरोपांत वांचले. आज या जातीचें सर्वांत सहज मिळणारें नाणें तें हेंच. त्याच जागीं 'एस्' हें अक्षर असतें, तर तें सान फ्रान्सिस्कोचें ठरतें. तेथेंहि त्या सालीं नाणीं एकोणतीस लाखांहून अधिक पडलीं होतीं, पण बहुतेक आटलीं. त्यामुळें किंमत कित्येक पटींनीं वाढती. एका अक्षराचा हा खेळ! बाईंना मीं सरळ सांगितलें कीं, कोटीची आशा धरूं नये. सोन्याचा भाव औंसास २,००० डॉलर असेल तर या नाण्यांत १,९३५ डॉलरांचें सोनें आहे, भाव वाढेल तसा हा आंकडा वाढेल, आणि संग्राहक त्यावर जें देईल तें थोडेंच. तें सराफाच्या मजुरींत आणि घटींत घालविण्यापेक्षां नाणें म्हणूनच विकणें फायद्याचें. पण बांगड्या केल्या तरी फार मोठा तोटा नाहीं. मुलगा आणि सराफ, दोघेहि अर्धे अर्धे बरोबर होते.

एवढें सांगून मी थांबणार होतों. पण तें नाणें हातांत असतां एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवेना. १९२४ सालीं हें पडलें, तेव्हां यांत विशेष असें कांहींच नव्हतें. याच्याबरोबर पडलेलीं लाखों नाणीं कोणी ना कोणी असाच साधा हिशेब करून मुशींत टाकलीं, आणि प्रत्येकाचा हिशेब त्या दिवसापुरता बरोबर होता. आटणी हा असा निर्णय आहे कीं, तो कोणालाहि पुन्हां फिरवितां येत नाहीं. बाकीचे सर्व फिरवितां येतात.

बाईंनीं शांतपणें ऐकून घेतलें. "बांगड्यांचें मी दुसऱ्या कशांतून करीन," त्या म्हणाल्या. "ह्यांनीं हें कां घेतलें होतें, तें मात्र मला कधीं सांगितलें नाहीं." या मोलाचा हिशेब माझ्या तिन्हींत बसत नव्हता. मीं डबी मिटून त्यांच्या हातीं दिली.